पडद्यावरचे नाताळगीत व मंडळीचे स्तुतिगान



यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील तेहतिसाव्या अध्यायाच्या अखेरीस चार ओव्या आहेत. देव आपल्या सेवकास तेथे एक कटू गोष्ट कळवितो. लोक त्याच्याकडे येतात, समोर बसतात, ऐकून संतोष पावतात. परंतु त्यांच्या लेखी तो मधुर कंठाचा एक गवई आहे, इतकेच. गाणे संपले की ते उठून जातात, आणि ऐकल्याप्रमाणे वागत मात्र नाहीत. ह्या ओव्यांवर मी पुष्कळ वेळा उपदेश केला आहे. त्या मला लागू पडतात हे मात्र गेल्या नाताळच्या आदल्या रात्री मला कळले. ती हकिगत सांगून तीतून निघणाऱ्या एका प्रश्नाचा विचार आपणांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

धुळ्याकडे डिसेंबरात थंडी किती कडाक्याची असते, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. पांझरेच्या काठच्या एका खेड्यात आमची लहानशी मंडळी आहे. दरवर्षी चोवीस तारखेच्या रात्री आठ वाजता आम्ही मंदिरापुढे जमतो, प्रार्थना करितो, आणि ढोलकी, झांजा व कंदील घेऊन घरोघर नाताळची गीते गात फिरतो. फेरीचे शेवटचे घर नाल्यापलीकडे आहे. तेथे एक वृद्ध विधवा एकटी राहते. गुडघ्यांमुळे तिला मंदिरापर्यंत चालवत नाही. म्हणून नाताळ तिच्याकडे चालत जातो, असे आम्ही म्हणत असू.

गेल्या वर्षी पुण्यास नोकरी करणारा आमच्यातील एक तरुण सुटीवर आला होता. एका पंचांच्या घरी नवा मोठा टीव्ही आला होता. त्या तरुणाने आपला मोबाईल त्याला जोडला आणि म्हणाला, “पाळकसाहेब, फेरीला निघण्यापूर्वी पाच मिनिटे बसा. अमेरिकेतील एका फार मोठ्या गायकाचा नाताळचा कार्यक्रम दाखवितो.” मी बसलो. मी बसलो म्हणून सर्व बसले. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, एका कार्यक्रमामागून दुसरा लागला, आणि आम्ही उठलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. ढोलकी वाजविणारा दहा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात ढोलकीवर डोके ठेवून झोपी गेला होता. जवळपासच्या सात-आठ घरी आम्ही घाईघाईने गायिलो. थंडी वाढली, लेकरे कुरकुरू लागली. नाल्यापलीकडे जावे की नाही असे कोणी विचारले, तेव्हा मीच म्हणालो, “फार उशीर झाला. आजी आता निजली असेल.”

आता प्रश्न हा, की आमच्या हातून त्या रात्री काही चूक घडली काय, आणि घडली असल्यास ती नेमकी कोठे? टीव्हीवरील गायन ऐकण्यातच दोष होता काय? गाणारा प्रभूचा भक्त आहे की नाही हे आम्हांस ठाऊक नव्हते, ह्यात दोष होता काय? की दोष आणखी कोठे होता? घाईने उत्तर देणाऱ्याच्या हातून एखादी निर्दोष वस्तू दोषी ठरते आणि खरा अपराधी मोकळा सुटतो. म्हणून हे प्रश्न एकेक करून पाहू.

प्रथम तो कार्यक्रम काय होता ते सांगतो. बिंग क्रॉस्बी नावाचा अमेरिकन गायक १९०३ साली जन्मला. नाताळच्या दिवसांत आधी रेडिओवर व पुढे टीव्हीवर त्याचे गाणे ऐकणे ही त्या देशातील असंख्य कुटुंबांची रीतच होऊन बसली होती. आम्ही पाहिलेला त्याचा कार्यक्रम १९७७ सालचा. त्यात इंग्लंडातील एक जुना वाडा दिसतो. दाराची घंटा वाजते, म्हातारा गायक दार उघडतो, आणि डेव्हिड बोई हा तरुण गायक आत येतो. दोघे आपापल्या घरच्या नाताळविषयी बोलतात आणि पियानोजवळ उभे राहून गातात. म्हातारा एका गरीब मुलाचे गाणे गातो. बाळ येशूला वाहावयास त्या मुलाजवळ काही नसते, म्हणून तो त्याच्यापुढे आपला ढोल वाजवितो. त्याच वेळी तरुण गायक पृथ्वीवर शांती यावी असे दुसरे गीत त्यावर गातो. दोन्ही स्वर एकमेकांत अशा रीतीने मिसळतात की माझे डोळे भरून आले.

कार्यक्रम संपल्यावर त्या तरुणाने आम्हांस त्यामागील गोष्ट सांगितली. ते सर्व चित्रण लंडनजवळील एल्सट्री येथील स्टुडिओत १९७७ च्या सप्टेंबर महिन्याच्या ११ तारखेला झाले होते. तेव्हा नाताळला तीन महिन्यांहून अधिक अवकाश होता. वाडा म्हणजे देखाव्यासाठी उभी केलेली मांडणी होती. तरुण गायकास ढोलवाल्या मुलाचे गाणे पसंत नव्हते, म्हणून दुसरे गीत तेथल्या तेथे घाईने रचण्यात आले. आणि १४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे चित्रणानंतर पाच आठवड्यांच्या आत, क्रॉस्बी स्पेनमध्ये मरण पावला. अमेरिकेत हा कार्यक्रम नोव्हेंबरच्या अखेरीस व इंग्लंडात २४ डिसेंबर रोजी दाखविण्यात आला. जो मनुष्य लोकांस नाताळच्या शुभेच्छा देत होता, तो तेव्हा कबरेत होता.

हे ऐकून आमच्यातील एका सुवार्तिकाने म्हटले, “म्हणजे सगळे सोंगच की!” मला तसे वाटत नाही. आपल्या मंडळीतील मुले नाताळचे नाटक बसवितात तेव्हा मरीया व योसेफ ही पाटलाच्या वाड्यामागे राहणारी पोरे असतात, हे सर्वांस ठाऊक असते. नाताळच्या गीतांचा सराव आपणही नोव्हेंबरात, कापूस वेचण्याच्या दिवसांत, करितो. पंचवीस डिसेंबर ही तारीख तरी शास्त्रात कोठे लिहिली आहे? नाटक हे नाटक म्हणून दाखविले तर ते खोटे होत नाही. तथापि त्या गोष्टीतून एक बोध अवश्य घ्यावा. पडद्यावरील गाणारा आपणांकडे पाहत आहे असे आपणांस वाटते, परंतु तो आपणांस पाहत नाही. तो जिवंत आहे की मेला, हेही आपणांस त्या पडद्यावरून कळत नाही. मग आपले कसे चालले आहे हे त्याला कोठून कळणार? हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

आता दुसरा प्रश्न. गाणाऱ्याचा विश्वास कसा आहे हे ठाऊक नसता त्याच्या मुखचे नाताळगीत ऐकावे काय? पौल तुरुंगात असता फिलिप्पैकरांस लिहितो, की कित्येक हेव्याने व वैरभावाने ख्रिस्ताची घोषणा करितात. तरी निमित्ताने असो वा खरेपणाने असो, ख्रिस्त गाजविला जातो ह्यात त्याला आनंद आहे. बलाम हा भाडोत्री शकुन पाहणारा, परंतु त्याच्या तोंडून देवाने इस्राएलास आशीर्वाद वदविला. आपल्यामागे न येणारा एक जण प्रभूच्या नावाने भुते काढीत होता, त्यास आम्ही मना केले असे योहानाने सांगितले, तेव्हा त्यास मना करू नका असे प्रभू म्हणाला. ह्या तीन साक्षींवरून मी असे म्हणतो, की गाणाऱ्याच्या अंतःकरणाचा न्याय करणे आपले काम नव्हे, आणि सत्य वचन कोणाच्याही मुखातून आले तरी ते सत्यच राहते.

इतिहासातही ह्याचे उदाहरण आहे. हँडेल ह्या संगीतकाराने प्रभूच्या जन्म, मरण व पुनरुत्थानावर ‘मसीहा’ नावाची मोठी संगीतरचना केली. ती प्रथम १७४२ साली एप्रिलच्या १३ तारखेला आयर्लंडातील डब्लिन शहरी गाण्यात आली. ठिकाण मंदिर नव्हते, गायनाचा दिवाणखाना होता. गाणाऱ्यांत नाटकातील एक नटीही होती, आणि तिच्याविषयी लोक बरेवाईट बोलत असत. धर्मविषय असा रंगमंचावर आणणे योग्य नव्हे, असे कित्येक भाविकांस त्या काळी वाटे. परंतु त्या दिवशी जमलेला पैसा दोन रुग्णालयांस व कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांस वाटून देण्यात आला, आणि त्यामुळे १४२ कर्जदारांची सुटका झाली. कर्ज म्हणजे काय हे आपल्या खानदेशातील शेतकऱ्यांस सांगावयास नको. जे गाणे ऐकून १४२ माणसे आपापल्या घरी परतली, त्या गाण्यास मी तरी अपवित्र म्हणणार नाही.

तेव्हा ऐकण्यात पाप नाही, आणि प्रसिद्ध गायकाच्या गळ्यातही पाप नाही. तो गळा देवानेच दिला आहे. असे असता त्या रात्री आमचे काय चुकले? त्याचा शोध घेण्यासाठी लूकच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळू.

जगातील पहिले नाताळगायन बेथलेहेमाजवळच्या रानात झाले. त्याहून थोर गायकवर्ग आजपर्यंत कोणी ऐकला नाही व ऐकणार नाही. श्रोते कोण होते? रात्रपाळीने मेंढरे राखणारे धनगर. त्या धनगरांनी पुढे काय केले ते पाहा. देवदूत स्वर्गात निघून गेल्यावर ते रानातच बसून गायनाची वाखाणणी करीत राहिले नाहीत. पुन्हा एकदा गाणे व्हावे म्हणून त्यांनी आकाशाकडे डोळे लावले नाहीत. ते एकमेकांस ‘चला’ म्हणाले, आणि घाईने बेथलेहेमास गेले. तेथे त्यांनी गव्हाणीत ठेवलेले बालक पाहिले. आणि परतताना, वाचकहो, ते स्वतः देवाचे स्तवन करीत परतले. ऐकणारे गाणारे झाले. गाण्याचे सार्थक ह्यात आहे. जे गाणे ऐकून मनुष्य उठून जेथे जावयाचे तेथे जातो, ते देवदूतांच्या गाण्याच्या जातीचे. जे गाणे ऐकून मनुष्य जागचा उठत नाही, ते कितीही गोड असले तरी त्याने आपल्यापुरते काम केले नाही. आणि हा दोष गाण्याचा नसून बसून राहणाऱ्याचा आहे.

शौल राजाचे उदाहरणही भय उत्पन्न करणारे आहे. दुष्ट आत्मा त्याला त्रास देई तेव्हा दावीद वीणा वाजवी आणि राजास बरे वाटे. बरे वाटे हे खरे, परंतु राजा पालटला नाही. त्याच दावीदावर त्याने पुढे भाला फेकला, तोही वीणा चालू असताना. संगीताने मन निवते. परंतु मन निवणे वेगळे व मन पालटणे वेगळे. माझे डोळे भरून आले तेव्हा ती भक्तीच आहे असे मी समजलो. परंतु पुढच्या तासाभरात माझ्या हातून काय घडले? नाल्यापलीकडच्या एका विधवेस मी तिच्या वाट्याच्या नाताळास मुकविले. डोळ्यांतल्या पाण्याची परीक्षा पायांनी होते, हे मी त्या रात्री शिकलो.

क्रॉस्बीच्या ज्या गाण्याची कीर्ती सर्वांत अधिक झाली, ते पांढऱ्या, हिमाने झाकलेल्या नाताळचे गाणे. त्याची मूळ ध्वनिमुद्रिका १९४२ च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडी तयार झाली. तिच्या अंदाजे ५ कोटी प्रती जगभर खपल्या असे सांगतात. ते गाणे रचणारा अर्विंग बर्लिन हा रशियात जन्मलेला यहुदी गृहस्थ होता. त्याचा तान्हा मुलगा १९२८ साली नेमका २५ डिसेंबर रोजी वारला होता. त्या गाण्यात प्रभूचे नाव नाही, गव्हाणही नाही. हिम, झाडे व सरलेल्या दिवसांची हुरहुर आहे. दुसऱ्या महायुद्धात घरापासून दूर असलेले शिपाई ते पुन्हा पुन्हा ऐकावयास मागत. ज्या बापाचा नाताळ असा शोकाने भरलेला होता, त्याने लक्षावधी लोकांच्या हुरहुरीस शब्द दिले, त्याची थट्टा आम्ही करू नये. परंतु आपल्या लेकरांस एवढे अवश्य शिकवावे, की घरची आठवण येणे आणि तारणारा भेटणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हिम पडले नाही तरी नाताळ येतो. आपल्याकडे तो तुरीच्या शेंगा, वांग्याचे भरीत व कळण्याची भाकरी घेऊन येतो, आणि त्यामुळे तो तसूभरही उणा होत नाही.

पडद्याची आणखी एक रीत विचार करण्यासारखी आहे. पडदा एकाचे तोंड दाखवितो व पुष्कळांची झाकतो. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली रोमन मंडळीच्या गावोगावच्या शाळांत मुलांस संगीताचे लेखन-वाचन व व्हायोलिन शिकवीत असत. तेथे तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. हिंदी चित्रपटांतील असंख्य गाण्यांस वाद्यांची जोड त्यांनी दिली, परंतु पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. त्यांपैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे मोठे विद्वान वादक. प्यारेलाल ह्यांस त्यांनी व्हायोलिन शिकविले. पुढे शिष्याने गुरूच्या आदरार्थ त्यांचे नाव एका चित्रपटातील गाण्यात घातले. तो चित्रपटही १९७७ सालचाच. ते नाव देशातील पोराटोरांच्या तोंडी बसले. परंतु त्या नावाचा खरा मनुष्य कोण, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक होते. २०१२ साली ते निवर्तले. मंदिरात शिकलेली विद्या अशी पडद्यामागे राहिली. मनुष्यांच्या यादीत नसलेली नावे देवाच्या यादीत असतात, हा आपला विश्वास आहे. आपल्या मंडळीत झांज धरणारी, गीताचा कागद धरणारी, कंदील धरणारी माणसे आहेत. त्यांच्यासमोर एकाच गायकास सूर्य करून ठेवू नये.

आमच्या खानदेशाच्या भूमीत ह्याचे दोन दाखले आहेत. १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. त्यात धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा कोवळा मुलगा उभा राहिला, आणि लोकांनी त्यास ‘बालकवी’ हे नाव दिले. एका दिवसात कीर्ती मिळाली. परंतु कीर्तीने पोट भरत नाही व घर मिळत नाही. ज्यांनी त्यास पुढे आपल्या घरी मुलासारखे वागविले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई हे आपल्याच मंडळीतील दांपत्य होते. टाळ्या देणारे पुष्कळ होते, ताट वाढणारे हे दोघे निघाले. ह्याच टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेस भजन व कीर्तन ह्यांची गोडी लाविली, आणि त्यांची गीते ‘उपासना संगीत’ ह्या आपल्या पुस्तकातून आपण आजही गातो. ती गीते आपण ऐकत बसावे म्हणून नव्हे, तर टाळ वाजवून सर्वांनी मिळून म्हणावी म्हणून त्यांनी रचिली.

दुसरा दाखला असोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांचा. त्यांस लिहिता वाचता येत नव्हते. जात्यावर दळताना व शेतात राबताना त्या गात. समोर श्रोता नाही, पडदा नाही. १९५१ साली त्या वारल्या व पुढील वर्षी त्यांची गाणी ग्रंथरूपाने निघाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. त्या ख्रिस्ती नव्हत्या, परंतु एक गोष्ट आपणांस शिकवून गेल्या. गाणे हे प्रथम काम करणाऱ्याचे असते, पाहणाऱ्याचे नंतर.

जगात सर्वत्र गायिल्या जाणाऱ्या शांत रात्रीच्या नाताळगीताचा जन्मही असाच लहान जागी झाला. ऑस्ट्रियातील ओबेर्नडॉर्फ गावच्या मंदिरात १८१८ सालच्या डिसेंबरच्या २४ तारखेस ते प्रथम गाण्यात आले. शब्द योसेफ मोर ह्या साहाय्यक पाळकाचे, चाल फ्रान्झ ग्रूबर ह्या शाळामास्तराची, आणि साथीला एक गिटार. बरीच वर्षे ते कोणी रचिले हेही लोकांस ठाऊक नव्हते. त्या रात्री तेथे कोणी प्रसिद्ध नव्हते. एक पाळक, एक मास्तर व गावची मंडळी, इतकेच. आपल्या प्रत्येक खेड्यात तितके साहित्य आजही आहे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. पौल कलस्सैकरांस सांगतो, की स्तोत्रे व गीते ह्यांच्या योगे एकमेकांस शिकवा व बोध करा. ‘एकमेकांस’ हा शब्द ह्या विषयाची किल्ली आहे. पडदा मला गाऊन दाखवील, परंतु मी आजारी आहे की नाही हे तो विचारणार नाही. माझा सूर चुकला तर त्याला कळणार नाही, आणि मी आलो नाही तर त्याला उणे वाटणार नाही. मंडळीच्या गायनात गळे बेसूर असतील, ढोलकी एक मात्रा मागे पडेल. परंतु तेथे एक जण कमी असला तर जागा रिकामी दिसते. म्हणून प्रसिद्ध गायकाचे गीत हे देणगी म्हणून घ्यावे, परंतु आपली स्तुती त्याच्यावर सोपवू नये. दुसऱ्याच्या जेवण्याने आपले पोट भरत नाही, तसेच दुसऱ्याच्या गाण्याने आपले ऋण फिटत नाही. आमची चूक ऐकण्यात नव्हती. दुसऱ्यास गावयास लावून आपण मुके बसलो, आणि जेथे जाणे आमचे कर्तव्य होते तेथे गेलो नाही, ही ती चूक. आणि पाळक ह्या नात्याने तिचा मोठा वाटा माझा.

पंचवीस तारखेस उपासना झाल्यावर मी एकटाच नाल्यापलीकडे गेलो. दारात कंदील होता, विझलेला. त्याची काच काजळली होती. ताटात झाकून ठेवलेल्या करंज्या होत्या. मी क्षमा मागावयास तोंड उघडले, तोच तिने आपल्या अहिराणी बोलीत मला विचारले, की काल गाणे चांगले झाले काय? मी गोंधळलो. ती म्हणाली, की रात्री वारा इकडचा होता, त्यामुळे पंचांच्या घरातील आवाज येथवर येत होता. गाणारा फार गोड होता. पण तो माझ्या दारी थांबला नाही.

ती हे रागाने बोलली नाही. जसे घडले तसे तिने सांगितले. मी तिला विचारले, “मग आजी, तुम्ही काय केले?” ती म्हणाली, की वात संपेपर्यंत वाट पाहिली, मग जेवढी गीते येत होती तेवढी एकटीनेच म्हटली, कारण देवाचा दिवस तसाच कसा जाऊ द्यावा? वाचकहो, त्या रात्री आमच्या गावात नाताळ कोणी पाळिला, हे मला तेव्हा समजले. आम्ही चाळीस जण एका मेलेल्या मनुष्याचे गाणे पाहत होतो, आणि एक म्हातारी अंधारात जिवंत प्रभूस गात होती.

मी परत गेलो, ढोलकीवाल्या मुलास व आणखी पाच-सात जणांस घेऊन आलो, आणि भर दुपारी आम्ही तिच्या अंगणात रात्रीची गीते म्हटली. उन्हात कंदील लावलेला पाहून शेजारचे लोक हसले. ती हसली नाही. तिने मुलास सर्वांत मोठी करंजी दिली. परंतु झालेली रात्र परत आली नाही, हेही मी येथे लिहून ठेवितो. तिची क्षमा मिळाली म्हणून चूक ही चूक नव्हती असे होत नाही.

आता खेड्यांतील सुवार्तिक बंधूंस चार गोष्टी सुचवितो.

पहिली, पडद्यास बंदी घालू नका. बंदी घातलेली वस्तू चोरून पाहिली जाते. त्यापेक्षा क्रम ठरवा: आधी फेरी, आधी आजारी व एकाकी लोक, मग कार्यक्रम. आणि फेरीचा आरंभ सर्वांत दूरच्या घरापासून करा. म्हणजे उशीर झाला तरी तो जवळच्यांच्या वाट्यास येईल, दूरच्यांच्या नव्हे. आम्ही हा नियम आता केला आहे.

दुसरी, कार्यक्रम पाहिल्यास मिळून पाहा आणि मग त्याविषयी बोला. ह्यात प्रभूविषयी काय सांगितले? काय सांगितले नाही? ख्रिस्ती नसलेले शेजारी बरोबर असतील तर फारच उत्तम. गाण्यात जे राहून गेले ते सांगण्याची संधी तेथेच मिळते.

तिसरी, प्रत्येक मुलास निदान तीन नाताळगीते पुस्तकावाचून तोंडपाठ यावीत, मग ती मराठी असोत, अहिराणी असोत वा मावची. वीज जाते, मोबाईल बंद पडतो, डोळे अधू होतात. जे तोंडपाठ असते ते अंधारात साथ देते. त्या आजीस कोणी तरी बालपणी ती गीते शिकविली होती. त्या शिकविणाऱ्याचे काम साठ-सत्तर वर्षांनी त्या रात्री फळास आले.

चौथी व सर्वांत कठीण गोष्ट आम्हा पाळकांची व गायकवर्गाची आहे. पडद्याची रीत मंदिरात आणू नका. मोठे भोंगे, एकच पुढे उभा असलेला गाणारा, आणि मंडळी श्रोता होऊन बसलेली, असे होऊ लागले तर आपण बाहेरच्या पडद्यास नावे ठेवण्यास पात्र राहत नाही. उपदेशकही गायक होऊ शकतो, हीच तर यहेज्केलाची तक्रार आहे. लोक उपदेश ऐकून ‘फार छान झाले’ म्हणतात तेव्हा आम्हांस संतोष होतो. त्यांनी तसे म्हणण्याऐवजी उठून कोणाच्या तरी दारी जावे, ही इच्छा आम्ही धरावी.

पुढील नाताळास आपणही एखाद्या नामांकित गायकाचे गीत ऐकाल. सुखाने ऐका, आणि त्या गळ्याबद्दल देवाचे उपकार माना. मग ते संपण्याची वाट पाहू नका. कंदिलात तेल घाला, ढोलकीवाल्या मुलास जागे करा, आणि धनगरांप्रमाणे एकमेकांस ‘चला’ म्हणा. ज्याने स्वर्गातील स्तुतिगान सोडून आमच्या दारी येणे पसंत केले, तो प्रभू आपणा सर्वांस दुसऱ्यांच्या दारी जाण्याचे बळ देवो. आमेन.